स्मृतिस्तंभापलीकडचे ऋण : कर्तव्यावर प्राण देणारे पोलीस आणि आपण

दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी सकाळी देशातील सर्व राज्यांत पोलिसांचे शोकसंचलन होते. शस्त्रे उलटी धरली जातात, बिगूल वाजतो आणि गेल्या वर्षभरात कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या पोलिसांची नावे वाचून दाखविली जातात. मुंबईत हा कार्यक्रम नायगावच्या पोलीस मैदानावर होतो. मृतांचे नातेवाईक समोर बसलेले असतात. आपले नाव आले की कुणी मान खाली घालतो, कुणी शेजारच्याचा हात धरतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक छायाचित्र येते आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत विषय संपतो.

या दिवसाचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतो. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे आपल्या हरवलेल्या सहकाऱ्यांचा शोध घेण्यास निघालेल्या भारतीय पोलिसांच्या तुकडीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला. दहा पोलीस ठार झाले. त्यांचे मृतदेह तब्बल तीन आठवड्यांनंतर, नोव्हेंबरच्या मध्यास, परत मिळाले. त्या काळी चीनच्या त्या सीमेवर पहारा देण्याचे काम पोलिसांकडे होते, ही गोष्टही आज विस्मरणात गेली आहे. पुढे जानेवारी १९६० मध्ये भरलेल्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळण्याचे ठरले. दिल्लीत चाणक्यपुरी येथे राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले ते मात्र २०१८ साली. स्वातंत्र्यानंतर प्राण गमावलेल्या ३४ हजारांहून अधिक पोलिसांची नावे तेथील भिंतीवर कोरलेली आहेत. स्वतंत्र भारताला आपल्या पोलिसांसाठी असे स्मारक उभारण्यास ७१ वर्षे लागली.

स्मारक झाले, हे चांगलेच झाले. परंतु आमच्या मनात प्रश्न वेगळा आहे. ३४ हजार नावे दगडावर कोरली म्हणजे आपले ऋण फिटले काय? या लेखात आपण महाराष्ट्रातील काही घटनांच्या आधारे त्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. आमची धारणा अशी की, कर्तव्यावर पडलेल्या पोलिसाचे समाजावर तीन प्रकारचे ऋण असते. त्याच्या मृत्यूचे सत्य सांगितले जावे, त्याच्या मागे राहिलेल्या सहकाऱ्यांचे रक्षण व्हावे आणि त्याच्या कुटुंबाला सोबत मिळावी. पुष्पचक्र हे यांतील कशाचीही जागा घेऊ शकत नाही.

त्या रात्रीची आठवण

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र मुंबई विसरलेली नाही. समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालयाचा परिसर, लिओपोल्ड कॅफे, ताज आणि ट्रायडंट-ओबेरॉय ही हॉटेले आणि नरिमन हाउस या ठिकाणी हल्ले केले. १६६ जणांचे प्राण गेले. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त पोलीस आयुक्त अशोक कामटे आणि वरिष्ठ निरीक्षक विजय साळसकर हे तिघे अधिकारी कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत एकाच वाहनात मारले गेले. त्याच रात्री मध्यरात्र उलटल्यावर गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाब याच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्यांच्या हातात केवळ लाठी होती. गोळ्या झेलीत असतानाही त्यांनी पकड सोडली नाही आणि सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले.

या एका पकडीचे मोल पुढील काळात कळले. दहांपैकी नऊ हल्लेखोर ठार झाले. जिवंत राहिलेला एकटा कसाब न्यायालयासमोर उभा राहिला. ६ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात ती अमलात आली. मृत्युदंडाविषयी ख्रिस्तसभेची आजची भूमिका वेगळी आहे आणि त्या शिक्षेची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. महत्त्वाचे हे की, कट कोठे शिजला, शिक्षण कुणी दिले, बोट कोठून निघाली, हे सारे उघड्या न्यायालयात पुराव्यानिशी मांडता आले. त्या खटल्याचे धागेदोरे आजही संपलेले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये तहव्वूर राणा याला अमेरिकेतून भारतात आणण्यात आले. साताऱ्याच्या केडंबे गावातून आलेल्या, आधी लष्करात आणि मग पोलीस दलात सेवा केलेल्या एका साध्या माणसाच्या दोन हातांनी हे शक्य केले.

करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे या चौघांना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. ओंबळे यांचा पुतळा गिरगावात आहे. महाराष्ट्रात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी २०२१ मध्ये त्यांचे नाव दिले. त्यांच्या गावातील स्मारकासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये निधी मंजूर केला. म्हणजे बलिदानानंतर सोळा वर्षांहून अधिक काळाने.

यादीतील खालची नावे

चार नावे सर्वांना पाठ आहेत. परंतु त्या रात्री पडलेल्या पोलिसांची यादी चार नावांची नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे पडले. कामा रुग्णालयाच्या इमारतीत सदानंद दाते यांच्यासोबत वर चढलेले उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर पडले; दाते स्वतः गंभीर जखमी झाले. अधिकाऱ्यांच्या त्या वाहनातच बाळासाहेब भोसले, जयवंत पाटील आणि योगेश पाटील हे सहकारी होते. तेही गेले. त्या मृतदेहांखाली अडकलेला एक जखमी शिपाई वाचला. हल्लेखोर त्याच वाहनातून पुढे निघून गेले. त्यांनी ते सोडल्यावर त्याने बिनतारी संदेशयंत्रणेवरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. ताज हॉटेलात राज्य राखीव दलाचा तरुण जवान राहुल शिंदे पडला. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील सुलतानपूर हे त्याचे गाव. आज ते गाव त्याच्या नावाने ओळखले जाते. मुंबईत मात्र किती जणांना त्याचे नाव सांगता येईल?

हुद्दा जेवढा खालचा, तेवढे स्मरण लहान, हा आपल्या समाजाचा नकळत झालेला नियम आहे. आणि मुंबईपासूनचे अंतर जेवढे जास्त, तेवढेही ते लहान होते. सव्वीस नोव्हेंबरनंतरच्याच वर्षी, २००९ साली, गडचिरोली जिल्ह्यात काय घडले ते पाहा. १ फेब्रुवारीला मर्केगाव येथे १५ पोलीस, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६ पोलीस आणि ८ ऑक्टोबरला लाहेरी येथे १७ पोलीस नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत मारले गेले. नऊ महिन्यांत ४८ जण. हत्तीगोट्याच्या मृतांमध्ये महिला पोलीसही होत्या. पुढे १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांना घेऊन जाणारा खासगी वाहनाचा चालक असे १६ जण मृत्युमुखी पडले. यांतील बहुतेक मुले त्याच परिसरातील, शेतकरी आणि आदिवासी घरांतील होती. मुंबईच्या रस्त्यांवर त्यांच्यासाठी मेणबत्त्या लागल्या नाहीत. ही तक्रार नव्हे. पण आपली सहानुभूती दूरदर्शनच्या कॅमेऱ्यामागून चालते, हे मान्य करावयास हवे.

कर्तव्यावरचा मृत्यू नेहमी बंदुकीच्या गोळीनेच येतो असेही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये खार येथे वाहतूक पोलीस शिपाई विलास शिंदे यांनी हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन मोटारसायकलस्वाराला अडविले. त्या मुलाने आपल्या मोठ्या भावाला बोलावले आणि त्याने मागून त्यांच्या डोक्यावर प्रहार केला. ३१ ऑगस्ट रोजी शिंदे यांचा मृत्यू झाला. कोणतेही युद्ध नव्हते, कोणताही अतिरेकी नव्हता. रोजच्या रस्त्यावरचा रोजचा उद्दामपणा होता. आणि २०२० व २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत, आपण घरात दारे लावून बसलो असताना, नाक्यांवर उभे राहून राज्यातील शेकडो पोलीस दगावले. त्यांच्या कुटुंबांसाठी ५० लाख रुपयांच्या साहाय्याची घोषणा शासनाने केली. त्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या गेल्या. पण त्यांची नावे?

सत्य विचारणाऱ्या दोन स्त्रिया

शोक करणाऱ्या कुटुंबाला आपण काय देतो? बहुधा धीराचे शब्द देतो. “ते अमर झाले,” असे सांगतो. परंतु २००८ नंतर दोन पत्नींनी आपल्याला शिकविले की, अशा शोकाला आणखी एक गरज असते. काय घडले हे जाणून घेण्याची ती गरज होय.

विनिता कामटे यांना आपल्या पतीचा मृत्यू नेमका कोणत्या परिस्थितीत झाला, नियंत्रण कक्षाला केव्हा काय कळविले गेले आणि मदत का पोहोचली नाही, याचे उत्तर हवे होते. त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली कागदपत्रे आणि नियंत्रण कक्षातील संभाषणांच्या नोंदी मिळविल्या आणि त्यांच्या आधारे विनिता देशमुख यांच्यासह २००९ मध्ये एक पुस्तक लिहिले. कविता करकरे यांनी आपल्या पतीच्या अंगावरील बुलेटप्रूफ जाकिटाविषयी विचारणा केली. ते जाकीटच गहाळ झाल्याचे निष्पन्न झाले. ज्या वस्त्राने पतीचे रक्षण व्हावयाचे, ते कोणत्या दर्जाचे होते हे तपासण्याचीही सोय उरली नाही.

या दोघींना काहींनी सुचविले की, आता गप्प राहावे, सन्मान मिळाला आहे. त्या गप्प राहिल्या नाहीत. आमच्या मते त्यांनी केलेली ही पोलीस दलाची मोठी सेवा आहे. कारण त्यांचे प्रश्न आपल्या पतीपुरते नव्हते. उद्या त्याच जागी उभ्या राहणाऱ्या शिपायाला कोणते जाकीट मिळेल, त्याच्या हातात कोणते शस्त्र असेल, त्याने मदत मागितली तर ती किती मिनिटांत येईल, हे ते प्रश्न होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या माणसांसमोर आपले पोलीस जुन्या ‘थ्री नॉट थ्री’ बंदुका आणि लाठ्या घेऊन उभे होते, ही गोष्ट शौर्याची आहे तशीच लाजेचीही आहे. शौर्य त्यांचे, लाज आपली.

राज्य शासनाने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. तिने २००९ मध्ये अहवाल दिला आणि पोलिसांची शस्त्रे, दारूगोळा व सराव यांतील उणिवांवर बोट ठेवले. ‘फोर्स वन’ हे विशेष दल त्याच वर्षी उभे राहिले. सागरी सुरक्षेकडे लक्ष वळले. म्हणजे बलिदानातून काही शिकले गेले. परंतु प्रत्येक स्मृतिदिनी हा हिशेब पुन्हा मांडला गेला पाहिजे. गेल्या वर्षी जे पडले ते कशामुळे पडले आणि ते कारण आपण दूर केले काय, याचे उत्तर नावे वाचल्यानंतर कुणीतरी दिले पाहिजे.

कविता करकरे यांचे २९ सप्टेंबर २०१४ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्यांच्या मुलांनी त्यांचे अवयव दान केले आणि त्यायोगे इतर रुग्णांना जीवन मिळाले. सहा वर्षांत आई आणि वडील दोघेही गमावलेल्या मुलांनी घेतलेला हा निर्णय होता. अशा घरासमोर आपण उपदेश करण्याऐवजी शिकावे हे बरे.

‘शहीद’, ‘हुतात्मा’ आणि आपली भाषा

वर्तमानपत्रे अशा पोलिसांना ‘शहीद’ म्हणतात. २०१७ मध्ये केंद्र शासनाने माहिती आयोगासमोर स्पष्ट केले की, लष्करात किंवा पोलीस दलात ‘शहीद’ अशी कोणतीही अधिकृत संज्ञा नाही. कागदोपत्री तो मृत्यू कारवाईतील मृत्यू म्हणून नोंदला जातो. अनेकांना हे ऐकून धक्का बसला. परंतु कुटुंबाच्या दृष्टीने शब्दापेक्षा त्या शब्दामागचा हक्क महत्त्वाचा असतो. निवृत्तिवेतन किती, अनुकंपा तत्त्वावरील नोकरी केव्हा, शासकीय निवासस्थान किती काळ, हे प्रश्न कोणत्याही पदवीने सुटत नाहीत.

आपण ख्रिस्ती लोक ‘रक्तसाक्षी’ हा शब्द जपून वापरतो. १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे श्रद्धेसाठी रक्त सांडलेले साक्षी होत. पोलिसाचा मृत्यू त्या अर्थाने रक्तसाक्ष नसेल. परंतु दुसऱ्याच्या प्राणासाठी स्वेच्छेने आपला प्राण देण्याच्या कृतीकडेही ख्रिस्तसभेने अलीकडे विशेष लक्ष दिले आहे. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१७ मध्ये काढलेल्या आदेशाने, प्रीतीपोटी केलेले प्राणार्पण हा संतपदाच्या चौकशीचा एक स्वतंत्र मार्ग म्हणून मान्य झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये इटलीच्या काराबिनिएरी दलातील साल्वो द’आक्विस्तो यांचे प्राणार्पण याच मार्गाने मान्य करण्यात आले. सप्टेंबर १९४३ मध्ये रोमजवळ जर्मन सैनिकांनी २२ निरपराध नागरिकांना सूड म्हणून मारण्याची तयारी केली, तेव्हा या बावीस वर्षांच्या तरुणाने दोष स्वतःवर घेतला. नागरिक सुटले आणि त्याला गोळ्या घालण्यात आल्या. गणवेश आणि पवित्र जीवन यांत विरोध नाही, हे येथे दिसते. ओंबळे यांची श्रद्धा आपल्यापेक्षा वेगळी होती. परंतु योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचताना चौपाटीवरचा तो माणूस आठवला, तर त्यात काही वावगे नाही.

मृतांना वादात ओढू नये

एका दुःखद प्रवृत्तीचा उल्लेख टाळता येत नाही. हेमंत करकरे यांचे नाव मृत्यूनंतर वारंवार राजकीय वादात ओढले गेले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत एका उमेदवाराने आपल्या शापामुळे ते मेले, असे विधान केले आणि गदारोळ झाल्यावर ते मागे घेतले. २०२४ च्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षाच्या एका नेत्याने त्यांना लागलेली गोळी अतिरेक्यांची नव्हतीच, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुरावा तपासला गेलेला असताना अशी विधाने झाली. दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकाच मृत माणसाचा उपयोग करून घेतला.

सत्य विचारणे आणि संशय पेरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विनिता कामटे यांनी कागद मागितले, तारखा आणि वेळा तपासल्या. सभेतील वक्त्याला यांतील कशाचीच गरज वाटत नाही. आपल्या भ्रमणध्वनीवर येणारा प्रत्येक संदेश पुढे धाडताना आपणही कोणत्या बाजूला आहोत, हे एकदा तपासावे. ज्याच्या घरातील माणूस गेला, त्याच्या मुलाने हा संदेश वाचला तर त्याला काय वाटेल, एवढा एक विचार पुरेसा आहे.

आदर म्हणजे आंधळेपणा नव्हे

काही वाचक म्हणतील की, पोलिसांचा एवढा गौरव कशाला? लाच कोण मागते? कोठडीत माणसे कशी मरतात? गरिबाची तक्रार घेण्यास टाळाटाळ कोण करते? हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. कर्तव्यावर पडलेल्यांच्या नावाआड गैरवर्तन करणाऱ्यांना लपविणे हा त्या मृतांचाच अपमान होय. ज्या दलासाठी ओंबळे यांनी प्राण दिला, त्या दलाची पत राखणे हे जिवंत पोलिसांचे काम आहे.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बारा-बारा तास उभे राहणारा, सणावाराला घरी नसणारा, लहानशा खोलीत संसार मांडणारा शिपाई आपल्याला दिसतच नाही. मुंबईत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तोच मुळी २०१६ साली, देवनार पोलीस ठाण्यातून. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साच्या वेळी चर्चच्या फाटकाबाहेर उभा असलेला शिपाई कोणत्या गावचा आहे, त्याची मुले कोठे आहेत, हे आपण कधी विचारतो? मृत पोलिसाला सलामी देणारा समाज जिवंत पोलिसाकडे पाहत नसेल, तर त्या सलामीत काहीतरी कमी आहे.

शोकाची दुसरी पायरी

पहिल्या दिवसांत घरात गर्दी असते. मंत्री येतात, अधिकारी येतात, तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी येते, सलामी होते. तेरा दिवसांनी, महिन्याने, वर्षाने ती गर्दी ओसरते. खरा शोक मग सुरू होतो. पत्नी एकदम दोघांची भूमिका करू लागते. सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढावयाच्या, तेच ते दाखले पुन्हा द्यावयाचे, प्रत्येक टेबलावर तोच प्रसंग पुन्हा सांगावयाचा. मुलाला शाळेत ‘शहिदाचा मुलगा’ म्हणून पुढे बसविले जाते. त्याला मात्र बाबा हवे असतात, व्यासपीठ नको असते. वृद्ध आईवडिलांच्या दुःखाकडे तर फारसे कुणाचे लक्षच जात नाही.

अशा मृत्यूला आणखी एक पैलू आहे. तो सार्वजनिक असतो. कुटुंबाला आपले दुःख एकांतात सोसण्याची मुभा मिळत नाही. दरवर्षी ती तारीख येते, तीच चित्रे दूरदर्शनवर पुन्हा दाखविली जातात. ज्या पत्नीला ती पाहावयाची नसतात, तिलाही ती पाहावी लागतात. तिने रडले तर लोक म्हणतात, खचली. न रडले तर म्हणतात, कठोर आहे. वीरपत्नी या शब्दाचे ओझे वाहताना तिला साधी विधवा होण्याचाही अधिकार राहत नाही.

आणि सहकारी? शेजारी उभा असलेला मित्र पडला आणि आपण वाचलो, ही जखम वर्षानुवर्षे भरत नाही. पोलीस दलात अश्रूंना जागा नसते. सकाळी अंत्ययात्रेत खांदा द्यावा आणि संध्याकाळी बंदोबस्ताला उभे राहावे, असा तो धर्म. समुपदेशनाची सोय काही ठिकाणी झाली आहे. परंतु ‘मला मदत हवी’ असे म्हणणे म्हणजे दुबळेपणा, ही समजूत अजून गेलेली नाही. तिच्या विरोधात बोलणे हेही मृतांच्या स्मरणाचेच काम आहे.

धर्मग्रामांनी काय करावे

आपल्या वसई परिसराचा या विषयाशी एक जवळचा संबंध आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा पहिले आयुक्त म्हणून आले ते सदानंद दाते. कामा रुग्णालयात त्या रात्री जखमी झालेले तेच अधिकारी. आपल्या गावांची सुरक्षा पाहणारा हा माणूस, ज्याच्या दोन सहकाऱ्यांनी त्याच्या शेजारी प्राण सोडला, असा होता. आपल्यापैकी किती जणांनी त्या वेळी हे लक्षात घेतले?

मोठ्या योजना सुचविण्याचा आमचा अधिकार नाही. काही साध्या गोष्टी मात्र कोणत्याही धर्मग्रामात करता येतील. नोव्हेंबर हा आपला मृतांच्या स्मरणाचा महिना. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. २१ ऑक्टोबर आणि २६ नोव्हेंबर या दोन तारखांच्या मध्येच हा दिवस येतो. त्या काळातील एखाद्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या पोलिसांचा, अग्निशमन दलाच्या जवानांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा उल्लेख व्हावा. शक्य असल्यास नावाने व्हावा, आणि त्यात शिपायांची नावे असावीत. मृत व्यक्ती कोणत्या धर्माची, हा प्रश्न प्रार्थनेत येत नाही.

आपल्या गावात किंवा शेजारच्या वस्तीत असे एखादे कुटुंब असेल, तर सें. व्हिन्सेंट दी पॉल संस्थेच्या सभासदांनी किंवा लहान ख्रिस्ती समूहाने त्या घरी जावे. घटनेच्या आठवड्यात नव्हे, त्या वेळी खूप लोक असतात. सहाव्या महिन्यात जावे. मुलाची शाळेची फी, वृद्धांचे औषध, कचेरीतील अडलेला कागद, यांपैकी एक काम हाती घेऊन जावे. आपल्यात निवृत्त सरकारी कर्मचारी आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत. एका विधवेबरोबर एक दिवस कचेरीत बसणे ही फार मोठी मदत असते. समजुतीचे शब्द सुचले नाहीत तरी चालतात. नुसते शेजारी बसणेही पुरते.

आपल्या तरुणांनी मोटारसायकलवर हेल्मेट घालावे. हे वाक्य येथे विसंगत वाटेल. परंतु विलास शिंदे यांना वाहावयाची याहून अर्थपूर्ण श्रद्धांजली आम्हांला सुचत नाही. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाने आणि पोलिसाने अडविताच ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावणाऱ्या प्रत्येकाने त्या ऑगस्ट महिन्याची आठवण ठेवावी. कायदा पाळणारा नागरिक एका शिपायाचे काम हलके करतो, कधीकधी त्याचा जीवही वाचवितो.

आणि आपल्या शाळांतून, धर्मशिक्षणाच्या वर्गांतून ही माणसे मुलांना सांगितली जावीत. त्यात बंदुकीचे कौतुक नसावे, सूडाची भाषा तर मुळीच नसावी. हल्लेखोर ज्या देशातून आले, त्या देशातील सर्व माणसांचा, किंवा त्यांच्या धर्मबंधूंचा द्वेष मुलांच्या मनात पेरणे म्हणजे ओंबळे यांच्या कृतीचा अर्थ पुसून टाकणे होय. त्यांनी रायफल धरली ती मागे असलेल्या सहकाऱ्यांना गोळी लागू नये म्हणून. त्यांनी माणूस जिवंत पकडून दिला आणि पुढचे काम न्यायालयावर सोपविले गेले. सूड आणि न्याय यांतील फरक मुलांना समजावून सांगण्यास याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

येत्या २१ ऑक्टोबरलाही नावे वाचली जातील. त्या यादीत नवी नावे असतील. ती कुणाची असतील हे आज कुणालाच ठाऊक नाही. ते लोक आज कोठेतरी पहाऱ्यावर उभे आहेत, कुणी चौकात, कुणी जंगलात, कुणी एखाद्या चर्चच्या दारात. त्यांच्या अंगावर चांगले जाकीट असावे, त्यांच्या पाळीला मर्यादा असावी, त्यांच्या घरी त्यांची वाट पाहणाऱ्यांना निश्चिंत झोप लागावी, यासाठी आवाज उठविणे आणि प्रार्थना करणे, हे दोन्ही आपल्या हाती आहे. ती यादी शक्य तितकी लहान राहावी, अशी इच्छा धरणे आणि त्यासाठी झटणे, हाच गेलेल्यांचा सर्वांत मोठा सन्मान ठरेल.